दाढी, बंब आणि बर्फाचा रस्ता : कॅनडाच्या दुर्गम मूलनिवासी गावांत अग्निशामक कसा घडतो

दाढी राखलेल्या माणसाने बीए सेट चढवून जळत्या घरात शिरायचे नसते. बीए सेट म्हणजे पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी आणि तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा. आपल्याकडचे अग्निशमन दलाचे जवानही त्याला हेच म्हणतात. मुखवट्याची कड कातडीला चिकटली पाहिजे. मध्ये केसांचे खुंट आले की बारीक फट राहते, आणि विषारी धुराला तेवढी फट पुरते. म्हणून कॅनडात हा सेट वापरणाऱ्याने दाढी साफ करायची आणि मुखवटा आपल्या चेहऱ्याला नीट बसतो की नाही याची ठरावीक काळाने चाचणी द्यायची, असा दंडक आहे.

टोरंटोत हे काही मिनिटांचे काम. चाचणीचे यंत्र हाताशी, ते चालवणारा माणूस हाताशी, एक आकार बसेना तर दुसरा कपाटात. आता हाच दंडक ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तरेला, तळी आणि पाइनच्या जंगलांत वसलेल्या एखाद्या गावात नेऊन ठेवा. तिथे बारमाही रस्ता नाही. माणूस आणि यंत्र दोन्ही छोट्या विमानाने यायचे. ढग खाली उतरले की विमान रद्द. विमान आले तर ज्याची चाचणी घ्यायची तो शिकारीला गेलेला. तो परत येईपर्यंत चाचणीवाला परतलेला. नियम चुकीचा नाही, उलट अगदी योग्य आहे. फक्त तो लिहिणाऱ्याने एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे : गावाला रस्ता आहे.

या विषयावर जे जे वाचत गेलो त्यात मला हेच पुन्हा पुन्हा दिसले. अग्निशामकाच्या प्रमाणपत्रामागच्या जवळजवळ प्रत्येक अटीच्या पोटात एक रस्ता दडलेला असतो. रस्ता काढून घेतला की त्या अटीचे काय होते, हे कळले तर हा सगळा किचकट विषय बराचसा सुटतो.

आधी माणसे आणि जागा. कॅनडात मूलनिवासींचे तीन मोठे गट मानले जातात : फर्स्ट नेशन्स, उत्तर ध्रुवाकडचे इनुइट आणि मिश्र वंशाचे मेटी. फर्स्ट नेशन्सचे ६३० हून अधिक समुदाय आहेत. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीला रिझर्व्ह म्हणतात आणि तिथला कारभार बहुतेक ठिकाणी निवडून आलेली बँड कौन्सिल पाहते. ढोबळमानाने आपली ग्रामपंचायत म्हणा, पण तिच्या डोक्यावर जिल्हा परिषद आणि राज्य सरकार नाही, थेट केंद्र. ऑन्टारिओच्या उत्तर भागातले सुमारे पन्नास समुदाय निश्नावबे आस्की नेशन या संघटनेत एकत्र आले आहेत. त्यांचा पारंपरिक प्रदेश प्रांताच्या सुमारे दोन तृतीयांश भूभागावर पसरलेला आहे. यातल्या पुष्कळ गावांत वर्षातला बराच काळ विमानानेच जाता येते. कडाक्याच्या थंडीत तळी आणि दलदली गोठल्या की त्यावरून बर्फाचा रस्ता तयार करतात. साधारण जानेवारी ते मार्च, तेवढेच आठवडे ट्रक येतात. वर्षभराचे डिझेल, लाकूड, सिमेंट, यंत्रे, सगळे त्याच काळात.

अशा गावात रात्री आग लागली, तर वर्दी जायची ती गावातल्याच माणसांना. शेजारच्या शहराचा बंब हा पर्यायच नसतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या अभ्यासानुसार मूलनिवासी माणसाचा आगीत मृत्यू होण्याचे प्रमाण इतर कॅनेडियनांच्या पाचपटीहून जास्त आहे. रिझर्व्हवर राहणाऱ्या फर्स्ट नेशन्सच्या लोकांत ते दहापटीहून जास्त, तर इनुइटांत सतरापटीहून जास्त. त्याच वर्षी ऑन्टारिओच्या मुख्य कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद वा अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, फर्स्ट नेशन्समधल्या आगींचा अहवाल दिला. त्यात दहा वर्षांखालच्या मुलांबाबतचा आकडा आहे ८६ पट. मी तो दोनदा वाचला, छपाईची चूक असेल असे वाटून.

या अहवालाला एक पार्श्वभूमी होती. २९ मार्च २०१६ च्या रात्री उत्तर ऑन्टारिओतल्या पिकांजिकम या अनिशिनाबे लोकांच्या (फर्स्ट नेशन्सपैकी एक) गावात एका घराला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्या, त्यात तीन लहान मुले. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, सस्कॅचेवन प्रांतातल्या मकवा साहगाइहकन रिझर्व्हवर दोन लहान मुले घराच्या आगीत गेली. तिथे तर शेजारच्या गावाचे स्वयंसेवी दल रस्त्याने येण्यासारखे होते. पण सेवेच्या कराराचे आणि थकलेल्या बिलांचे भांडण चालू होते, त्यामुळे बंब निघाला नाही. रिझर्व्हकडे स्वतःचा बंब होता, तो वापरण्यासारखी सज्जता नव्हती. नुसता रस्ता असून भागत नाही, हेही यातून दिसते.

जबाबदारी कोणाची?

कॅनडात अग्निसुरक्षा हा प्रांतांचा विषय. प्रत्येक प्रांताची अग्निसंहिता, फायर मार्शल, प्रशिक्षण आणि परीक्षेची व्यवस्था वेगळी. पण रिझर्व्हची जमीन केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे प्रांताची संहिता तिथे आपोआप लागू होत नाही. आणि केंद्राने रिझर्व्हसाठी म्हणून सक्तीचा अग्निसुरक्षा कायदा केलेला नाही. थोडक्यात त्रिशंकू. केंद्राचे मूलनिवासी सेवा खाते पैसे देते, पण ते पाणी, रस्ते, शाळा, इमारती यांच्या भांडवली आणि देखभालीच्या निधीतून येतात आणि कौन्सिलने ठरवायचे असते की यंदा पाण्याचा पंप दुरुस्त करायचा की अग्निशमनाचा. ज्या गावात पिण्याचे पाणी उकळून घ्यावे लागते तिथे हा निर्णय काय होत असेल, हे सांगायला नको.

त्यात भर म्हणजे २०१० पासून केंद्राने रिझर्व्हवरच्या आगींची आकडेवारी गोळा करणेच थांबवले. नंतर मूलनिवासी अग्निशामकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेऊन नॅशनल इंडिजिनस फायर सेफ्टी कौन्सिल उभी केली आणि नोंदीची पद्धत पुन्हा बसवायला घेतली. पण नोंद करणे ऐच्छिक आहे. किती आगी लागतात हेच ठाऊक नसेल तर किती माणसे शिकवायची याचा हिशेब कसा मांडणार?

कागदावरचा शिक्का

आता प्रमाणपत्राकडे येऊ. इथे तीन शब्दांची गल्लत होते. प्रशिक्षण म्हणजे शिकणे. पात्रता म्हणजे ते काम खरेच जमते, असे आपल्या दलाच्या प्रमुखाने ठरवणे. प्रमाणन म्हणजे ज्याचा तुमच्या दलाशी संबंध नाही अशा तिसऱ्याने परीक्षा घेऊन शिक्कामोर्तब करणे. मामाने गावच्या माळावर गाडी शिकवली, ते प्रशिक्षण. मामा म्हणाला आता तू एकटा जा, ती पात्रता. आरटीओने लायसन्स दिले, ते प्रमाणन. मामा भला माणूस असेल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी मामाला विचारत नाही.

उत्तर अमेरिकेत अग्निशामकाचे मापदंड एनएफपीए ही अमेरिकी संस्था लिहिते. तिचे १००१ क्रमांकाचे मानक कित्येक वर्षे अग्निशामक एक आणि अग्निशामक दोन या दोन पायऱ्यांसाठी वापरात आहे. आता ते १०१० या एकत्रित मानकात घातले आहे, पण बोलताना लोक अजून जुनाच आकडा सांगतात. एनएफपीए परीक्षा घेत नाही, फक्त काय यायला हवे ते लिहिते. परीक्षा घेते प्रांताची संस्था. आणि त्या संस्थेची परीक्षा खरी आहे ना, हे तपासायला आणखी वरती आयएफएसएसी आणि प्रो बोर्ड अशा दोन मान्यता देणाऱ्या यंत्रणा आहेत. त्यांचा क्रमांक असलेला शिक्का प्रमाणपत्रावर असेल तर ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात चालते.

परीक्षेचे दोन भाग : लेखी आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात शिडी लावणे, गाठी मारणे, नळी अंथरणे, धुरात अंधारात शोध घेणे, बेशुद्ध माणसाला ओढत बाहेर काढणे, आणि बीए सेट ठरलेल्या क्रमाने चढवणे, हे सगळे परीक्षकासमोर एकेक करून दाखवायचे. क्रम चुकला तर नापास. आपल्याला हे पाठांतरी वाटेल. पण असल्या नियमांचा इतिहास बहुधा कोणाच्या तरी मृत्यूपाशी जातो. दरवर्षी १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो १९४४ साली मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरले होते. (जाता जाता : ते जहाज १९४२ मध्ये कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, प्रिन्स रूपर्टच्या गोदीत बांधले होते.)

२०२२ मध्ये ऑन्टारिओने अग्निशामकांचे प्रमाणन बंधनकारक करणारा नियम आणला आणि बहुतेक कामांसाठी १ जुलै २०२६ ही मुदत दिली. नियम नगरपालिकांच्या दलांवर आहे, फर्स्ट नेशन्सवर थेट नाही. वरवर पाहता सुटका झाली. प्रत्यक्षात मात्र आजूबाजूला सगळ्यांकडे शिक्का असताना आपल्याकडे नसणे याची किंमत मोजावीच लागते. विमा, शेजाऱ्यांशी मदतीचे करार, दुसरीकडे नोकरी, सगळीकडे तोच प्रश्न येतो.

रस्ता नसला की

एकेक अट घेऊन पाहू.

पहिली, खरी आग. धुराचे यंत्र लावून सराव होतो, पण उष्णता कशी असते हे त्यातून कळत नाही. बंद खोलीत वरच्या थरातले वायू तापत तापत साधारण पाचशे ते सहाशे अंशांवर गेले की खोलीतली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिकचे सामान असलेल्या आजच्या घरात ही वेळ काही मिनिटांतच येते. त्याच्या खुणा वाचायला शिकायचे तर नियंत्रित खरी आग हवी. शहरात त्यासाठी काँक्रीटची किंवा कंटेनरची जळणघरे असतात. गावाकडे सल्ला मिळतो की एखादे पडके घर मिळवा आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून ते जाळा. ज्या गावात एका घरात तीन कुटुंबे राहतात तिथे जाळायला रिकामे घर कुठून आणायचे? पर्याय म्हणजे ट्रेलरवर बसवलेले फिरते जळणघर. चांगली कल्पना आहे, पण ट्रेलरला रस्ता लागतो. म्हणजे ते येणार बर्फाच्या रस्त्याने, आणि बर्फ वितळायच्या आत परत जाणार.

दुसरी, हवा. बीए सेटची तीस मिनिटांची म्हणून विकली जाणारी टाकी कष्टाच्या कामात पंधरा-वीस मिनिटांत संपते. ती भरायला साधा हवेचा पंप चालत नाही. श्वसनायोग्य स्वच्छ हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो आणि त्या हवेची तपासणीही करत राहावी लागते. गावात कॉम्प्रेसर नसेल तर टाक्या बाहेर पाठवायच्या, आणि दाबाने भरलेली टाकी म्हणजे विमानाच्या दृष्टीने धोकादायक माल. शिवाय टाकीची दाबचाचणी काही वर्षांनी करावीच लागते, आणि कार्बन-फायबरच्या टाकीचे आयुष्य साधारण पंधरा वर्षांचे. चार-सहा टाक्या असलेल्या दलाने मनापासून सराव केला तर खऱ्या आगीच्या वेळी टाक्या रिकाम्या असण्याची भीती. म्हणून सराव कमी होतो. कागदावर ज्याला बीए सेटचे प्रशिक्षण आहे त्याने तो शेवटचा कधी चढवला होता, हे विचारावे.

तिसरी, चालक. ऑन्टारिओत जड बंब चालवायला वरच्या वर्गाचे लायसन्स आणि एअर ब्रेकची वेगळी नोंद लागते. त्याची परीक्षा घेणारे केंद्र शहरात. विमानाने जायचे, हॉटेलात राहायचे, भाड्याचा ट्रक घ्यायचा, नापास झाले तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. गावात आठ-दहा किलोमीटरचे खडीचे रस्ते, त्यावर कोणी लायसन्स बघायला येत नाही. पण कागद पुरा करायचा तर हा एकच कागद सगळ्यात महाग पडतो.

चौथी, थंडी. हिच्यासाठी मानकात वेगळा अध्याय हवा होता असे मला वाटते. उणे चाळीस अंशांत बंब गरम गॅरेजमध्ये नसेल तर टाकीतले पाणी गोठते, पंप फुटतो. हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे रस्त्यावरचे नळ, पुष्कळ गावांत नाहीतच, पाणी टँकरने घरोघरी पोचवतात. तळ्याच्या बर्फाला भोक पाडून पोर्टेबल पंपाने पाणी ओढता येते, पण नळीतले पाणी थांबले की नळीचा दांडका होतो. म्हणून तिथले जुने लोक नोझल पूर्ण बंद करू देत नाहीत, थोडी धार चालू ठेवतात. दक्षिणेकडे शिकून आलेल्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते आणि परीक्षेतही येत नाही.

पाचवी, माणसे. जळत्या घरात कोणी एकट्याने जायचे नाही. दोघे आत, आणि त्या दोघांना काही झाले तर काढायला पूर्ण तयारीतले आणखी दोघे बाहेर. शिवाय पंपावर एक आणि हुकूम देणारा एक. म्हणजे किमान सहा जण, तेही पहाटे तीन वाजता, गावात हजर, शुद्धीत आणि दाढी केलेले. छोट्या गावात जो स्वयंसेवक अग्निशामक असतो तोच पाण्याचा टँकर चालवतो, तोच रुग्णांना विमानतळावर पोचवतो, आणि बहुधा कौन्सिलच्या निवडणुकीलाही उभा राहतो. तो शहरात नोकरीला गेला की दलाचा मोठा भाग गेला.

आणि एक अडचण आगीपेक्षा जवळची : ज्या घरात शिरायचे ते कोणाचे तरी नाही, मावशीचे असते. शहरातला जवान ठाण्यावर परतल्यावर त्या घरापासून दूर होतो. इथे दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचे, अंत्यविधीला खांदा द्यायचा. मनावरच्या या ओझ्याबद्दल हल्ली प्रशिक्षणात बोलायला सुरुवात झाली आहे, तीही उशिरा.

मग करतात काय?

पहिली शहाणपणाची गोष्ट म्हणजे पायऱ्या पाडणे. ब्रिटिश कोलंबियाने २०१४ मध्ये दलांसाठी तीन स्तर ठरवले : फक्त बाहेरून मारा करणारे, मर्यादित प्रमाणात आत जाणारे, आणि पूर्ण सेवा देणारे. प्रत्येक दलाने आपला स्तर आधी जाहीर करायचा आणि तेवढेच प्रशिक्षण पक्के करायचे. ऑन्टारिओच्या नव्या नियमातही बाहेरून मारा आणि आत शिरून मारा यांचे प्रमाणन वेगळे आहे. हे ऐकायला कमीपणाचे वाटते. आपले दल आत जाणार नाही असे गावाला सांगायचे तरी कसे? पण मला यात प्रामाणिकपणा दिसतो. सहा माणसे आणि चार टाक्या असलेल्या दलाने पूर्ण सेवेचा फलक लावला तर एखाद्या रात्री दोन अग्निशामक गमावण्याची ती पूर्वतयारी ठरते. बाहेरून मारा करणारे दलही शेजारची घरे वाचवते, आणि लवकर पोचले तर खिडकीतून पाणी मारून आतल्या माणसाला चार मिनिटे मिळवून देते.

दुसरी गोष्ट, माणसे शहरात नेण्याऐवजी शिक्षक गावात आणणे. ऑन्टारिओचे ग्रेव्हनहर्स्टचे फायर कॉलेज २०२१ मध्ये बंद झाले आणि प्रादेशिक केंद्रे व स्थानिक वर्ग यांवर भर आला. आता दलाने आपल्याच मान्यताप्राप्त शिक्षकाकडून गावात शिकवून घ्यायचे आणि परीक्षेपुरती प्रांताची मदत घ्यायची, अशी सोय आहे. त्यासाठी गावातलाच एक शिक्षक तयार करावा लागतो. शिक्षकाचेही वेगळे प्रमाणपत्र असते, म्हणजे आणखी एक शिडी. पण ती एकदा चढली की फरक पडतो. ओजी-क्री बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी पुस्तकातला धडा ओजी-क्रीत समजावून सांगणारा कोणीतरी मिळतो, आणि तो पुढच्या विमानाने परत जात नाही. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात फर्स्ट नेशन्सची स्वतःची आपत्कालीन सेवा संस्था १९८६ पासून हे काम करते. ती गावोगावी शिक्षक पाठवते आणि वेगवेगळ्या समुदायांतल्या अग्निशामकांना शिबिरात एकत्र आणते. अशा शिबिरात शेजारच्या गावांतल्या लोकांची ओळख होते, तीही वर्दीच्या वेळी कामाला येते.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी दिमाखाची : स्मोक अलार्म. लाकडाच्या शेगडीची चिमणी वेळेवर साफ करणे, शेगडीजवळ कपडे न वाळवणे, आणि अलार्मची बॅटरी रिमोटला न लावणे. अग्निशामक एकची परीक्षा पास करायला महिने जातात. घराघरांत जाऊन दहा वर्षे चालणारा अलार्म बसवायला एक शनिवार. निश्नावबे आस्कीने २०१४ मधल्या एका तान्ह्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने अशीच मोहीम सुरू केली. कॉरोनरच्या अहवालाचा रोखही बराचसा प्रतिबंधाकडेच आहे. बंब आल्यावर फोटो निघतो, बॅटरी बदलल्याचा निघत नाही, एवढाच काय तो फरक.

वणव्याचा कागद

आतापर्यंत बोललो ते घरांच्या आगीबद्दल. जंगलातल्या वणव्याची विद्या वेगळी, कागदही वेगळा. तिथे बीए सेट नसतो. पोर्टेबल पंप, लांबलचक बारीक नळ्या, कुदळीसारखी अवजारे आणि जाळरेषा, म्हणजे पालापाचोळा खरवडून मातीपर्यंत उघडी केलेली पट्टी. मेळघाटात किंवा सातपुड्यात ज्यांनी फेब्रुवारीत जाळरेषा काढल्या आहेत त्यांना हे काम सांगायला नको. ब्रिटिश कोलंबियात याचा पाया म्हणजे एस-१०० नावाचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम. त्याची दरवर्षी उजळणी लागते. जोडीला आगीच्या वेढ्यात सापडू नये म्हणून एस-१८५. पूर्ण वेळ वणवा विझवणाऱ्यांना वर शारीरिक चाचणी, त्यात २८.५ किलोचा पंप पाठीवर घेऊन उतारावर चढ-उतार करायचे.

दोन दिवसांचा कोर्स किती महत्त्वाचा असू शकतो, हे २०१७ च्या उन्हाळ्यात दिसले. ब्रिटिश कोलंबियाच्या चिल्कोटिन पठारावर वणवे पेटले आणि त्लेतिंकोह या त्सिलकोतिन समुदायाला गाव सोडण्याचा आदेश आला. प्रमुख जो अल्फॉन्स आणि तीनशेच्या आसपास लोकांनी नकार दिला. म्हातारी माणसे, लहान मुले यांना हलवले, बाकीचे आगीशी झुंजायला थांबले. मुले ताब्यात घेतली जातील अशी भाषा पोलिसांकडून झाली, असे अल्फॉन्स यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ज्या समाजाची मुले १९९० च्या दशकापर्यंत निवासी शाळांसाठी घरातून उचलून नेली जात होती, त्याला ही भाषा कशी ऐकू आली असेल. गाव वाचले. थांबलेल्यांत वर्षानुवर्षे वणव्यावर काम केलेले लोक होते, जंगलाची नाडी जाणणारे होते. वाद अडला होता तो अधिकारावर : तुम्हाला इथे थांबायचा हक्क कोणी दिला? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्सिलकोतिन, प्रांत आणि केंद्र यांच्यात आपत्कालीन व्यवस्थापनाचा करार झाला. त्यात प्रशिक्षण आणि स्थानिक नेतृत्व हे मुद्दे ठळक आहेत.

म्हणून प्रमाणपत्राला नुसता सरकारी सोपस्कार म्हणून हसणे मला पटत नाही. नाक्यावर पोलीस उभा असताना अनुभव दाखवता येत नाही, कार्ड दाखवता येते.

उलट बाजूही आहे. याच प्रांताने १८७४ मध्ये बुश फायर अॅक्ट करून मूलनिवासींच्या पारंपरिक जाळण्यावर बंदी आणली. वसंतात, बर्फ सरकत असताना, ओलसर गवतात हलकी आग सोडायची म्हणजे उन्हाळ्यात जळायला काही उरत नाही, ही त्यांची पिढ्यांची रीत. ती गुन्हा ठरली. दीडशे वर्षे साठलेले इंधन आता दर उन्हाळ्यात पेटते. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. आता त्याच आज्यांना बोलावून विचारतात की कसे जाळायचे, आणि त्यांच्या नातवाला सांगतात की आजीबरोबर जाळायचे तर आधी एस-१०० कर.

पैशांचे काय? २०२२ मध्ये कॅनडाच्या महालेखापालांनी फर्स्ट नेशन्समधल्या आपत्ती व्यवस्थापनाचे लेखापरीक्षण केले. मूलनिवासी सेवा खाते तयारीवर जितके खर्च करत होते त्याच्या साडेतीनपट पैसे आपत्ती आल्यावरच्या धावपळीवर आणि सावरण्यावर जात होते. अग्निशामक घडवणे हे तयारीच्या रकान्यात येते.

आता समजा पैसे मिळाले, शिक्षक मिळाला, फिरते जळणघरही मिळाले. कोर्स कधी ठेवायचा? एप्रिल-मे मध्ये बदके-हंस उत्तरेला परततात, तेव्हा क्री या फर्स्ट नेशन्सच्या लोकांच्या गावांत शाळांनाही हंसांच्या शिकारीची सुट्टी असते. उन्हाळ्यात वणवे, अर्धे लोक त्या कामावर. शरद ऋतूत मूस या मोठ्या हरणाची शिकार, तिच्यावर हिवाळ्याचे मांस अवलंबून. नोव्हेंबर-डिसेंबरात तळी धड पाणी नाहीत आणि धड बर्फ नाही, ट्रेलर येऊ शकत नाही. उरतात फेब्रुवारी आणि मार्चचे थोडे आठवडे. रस्ता पक्का, लोक गावात, शाळेचे जिम्नॅशियम मोकळे. बाहेर उणे तीस. नळीतून थोडी धार चालू ठेवायची, आणि सकाळी निघण्याआधी दाढी करायची.